पिकअप सत्तरच्या पुढे थरथरते? टायरवर पैसे घालायच्या आधी हे करून बघा

नारायणगावातून टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर, जे असेल ते भरायचं आणि वाशी मार्केटला टाकायचं, हे आपलं काम. गेल्या पावसाळ्यात गाडीची क्लच प्लेट बदलली, त्याच आठवड्यात मागचे दोन टायर पण नवे टाकले, आणि तेव्हापासून गाडी ७० च्या पुढे गेली की सीटखाली कोणीतरी पिठाची गिरणी चालू केल्यासारखं व्हायला लागलं. ६० ला काही नाही, ८० ला आरशात मागची गाडी दिसायची नाही इतकी थरथर. मी आपला नवे टायर म्हणून टायरवाल्याच्या मागे लागलो, तीनदा बॅलन्सिंग केलं, मग एकाने सांगितलं क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातले अधिकच्या खुणेसारखे तुकडे) गेलेत म्हणून क्रॉस बदलले, मग सेंटर बेअरिंग (शाफ्टला मध्ये आधार देणारं), आणि थरथर जिथल्या तिथे. खरं कारण निघालं तेव्हा त्याला एक रुपया खर्च नव्हता, ते खाली सांगतोच.

मी मिस्त्री नाही. पण दोन महिने या भानगडीत घातल्यावर एवढं कळलं की पार्ट बदलत बसण्यापेक्षा आधी थरथर कुठल्या फिरणाऱ्या वस्तूची आहे ते ओळखायचं, बाकी सोपं आहे. ज्यांनी नवीनच गाडी घेतलीय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो. मागच्या चाकांवर चालणारी, खाली लांब शाफ्ट असलेली साधी पिकअप धरून लिहिलंय, फोर बाय फोरवाल्यांचं थोडं वेगळं असतं.

आधी हे जमवा

खडू, पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी, टॉर्च, डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं, ग्रीस गन, एक टॉमी किंवा छोटी पहार, जॅक आणि उचललेली गाडी टेकवायला दोन मजबूत घोड्या, चाकाला लावायला दगड किंवा लाकडाचे ठोकळे. फोन तर आहेच, त्यात लेव्हल बघायचं अॅप आणि फायफॉक्स नावाचं फुकटचं अॅप टाकून ठेवा. आणि गाडीची जुनी बिलं. हसू नका, मला उत्तर बिलांच्या तारखांवरूनच सापडलं. कधी काय उघडलं, कोणी उघडलं, सगळं तिथे असतं.

१. कधीपासून आणि कितीला, हे लिहून काढा

वहीत लिहा. थरथर कितीला सुरू होते, कितीला सगळ्यात जास्त, त्याच्या पुढे कमी होते की वाढतच जाते. गाडी रिकामी असताना जास्त की भरलेली असताना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत गाडीला काय काय हात लागला. क्लच, गिअरबॉक्स, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, पंक्चर, काहीही.

इथे माझी चूक अशी झाली की एका आठवड्यात दोन कामं झाली होती आणि मी त्यातलं फक्त टायरचं काम धरलं, कारण टायर डोळ्याला दिसतात आणि शाफ्ट कोण वाकून बघतंय.

२. रस्त्यावरच्या टेस्ट

माणूस दोन पाहिजेत, एक चालवणार आणि एक लिहिणार. एकट्याने फोन हातात धरून हे उद्योग करू नका. रस्ता सपाट, सरळ आणि मोकळा हवा, मी सकाळी सहाला आळेफाट्याच्या पुढे संगमनेरकडे चौपदरीवर जायचो आणि चंदनापुरी घाटाच्या बरंच अलीकडे वळून परत. चौपदरी असो की एक्सप्रेसवे, मालाच्या गाडीला मर्यादा ८० ची आहे, त्याच्या पुढे जायची गरजही नाही, जे काय दिसायचं ते ७० ते ८० मध्येच दिसतं.

पहिली टेस्ट गिअरची. गाडी पाचव्यात ७० ला धरा, थरथर कशी आहे बघा, मग चौथा टाकून परत ७० लाच धरा. चाकं तेवढीच फिरतायत, शाफ्ट तेवढाच फिरतोय, फक्त इंजिन जास्त फिरायला लागलं. थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे, म्हंजे शाफ्ट, हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा), चाकं. बदलली तर इंजिन, त्याचे माउंटिंग, क्लच या बाजूला बघा. माझी तशीच राहिली. या एका टेस्टने अर्धी गाडी बाद होते, म्हणून ही आधी करा.

दुसरी, न्यूट्रलची. ८० वर थोडा वेळ धरा, मागेपुढे कोणी नाही ना बघा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप उतरू द्या. चावी बंद करायची नाही म्हंजे नाही, स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा जोर जातो आणि चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंग लॉक होईल. उतारावर तर हा प्रकारच नको. न्यूट्रलमध्ये पण थरथर तेवढीच असेल तर कशाचं तरी वजन बिघडलंय, टायर नाहीतर शाफ्ट. न्यूट्रल करताक्षणी गेली तर ताण आल्यावरच होणारी आहे, मग क्रॉस, शाफ्टचे कोन, माउंटिंग, हाऊसिंगमधली पिनियन (शाफ्ट ज्याला फिरवतो तो छोटा गिअर) असलं काहीतरी.

तिसरी म्हंजे अॅक्सिलरेटरवर पाय टाकताना जास्त, की सोडताना जास्त, की एकसारखा ठेवल्यावर जास्त. पाय टाकल्यावर पाटे पिळतात आणि हाऊसिंगचं नाक वर उचललं जातं, त्यामुळे कोनाची भानगड असेल तर ती पाय टाकताना बोलते.

ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर हा लेखच तुमच्यासाठी नाही, ब्रेकच्या डिस्क नाहीतर ड्रम बघा.

३. हादरा की गुणगुण

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते. आपल्या पिकअपचा टायर समजा २१५/७५ आर १५. त्याचा घेर साधारण २.२ मीटर. गाडी ८० ला म्हंजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १० वेळा फिरतं. हाऊसिंगचा रेशो, म्हंजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, ४ च्या आसपास धरला तर शाफ्ट सेकंदाला ४० वेळा. आणि शाफ्टच्या क्रॉसमध्ये कोनामुळे होणारी थरथर एका फेऱ्यात दोनदा येते, म्हणजे ८० वेळा.

सेकंदाला १० म्हंजे हादरा, डुगडुग, पोटाची चरबी हलते, बाटलीतलं पाणी हेलकावतं. सेकंदाला ४० म्हंजे तळपायाला मुंग्या, सीटमधून झिणझिण, आरसा धूसर. ८० असेल तर थरथरीपेक्षा आवाजच जास्त, केबिन घुमतं, कानात दडा बसल्यासारखं होतं.

अंदाज नको असेल तर फायफॉक्स अॅपमध्ये थरथरीचा आलेख काढायची सोय आहे, फोन केबिनच्या फ्लोअरवर दोन सीटच्या मध्ये घट्ट चिकटवून ठेवा आणि शेजारच्याला बघू द्या, सुळका कुठल्या आकड्यावर येतोय ते. काही फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरदाच मोजतो, तिथे ५० च्या वरचं खरं दिसणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. माझा सुळका ४० च्या जवळ आला, ते बघून मला घाम फुटला, कारण तोवर टायरवाल्याशी माझं वाकडं झालं होतं.

तुमच्या गाडीचा रेशो माहीत नसेल तर खडूने काढता येतो. सपाट जागेवर टायरला खाली जमिनीशी एक खूण, शाफ्टला एक खूण, गाडी न्यूट्रल, दोघांनी ढकलायची आणि टायरची खूण परत खाली येईपर्यंत शाफ्टचे फेरे मोजायचे. मोजणारा गाडीच्या बाजूला बसून वाकून बघेल, खाली झोपणार नाही. चार फेऱ्यांपेक्षा जरासं जास्त आलं तर रेशो चार पॉइंट काहीतरी.

आणि आवाज घूंऽऽ घूंऽऽ असा वाढत-उतरत असेल तर दोन जवळजवळ सारख्या वेगाच्या थरथरी एकमेकीत मिसळतायत, एकच दोषी शोधू नका.

४. चाकं आणि टायर

शाफ्टचा संशय असला तरी हे आधी उरका, कारण स्वस्त आहे. रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. पावसात शेताच्या बांधापर्यंत गाडी घेऊन जाणाऱ्यांच्या रिममध्ये काळ्या मातीचा थर बसतो, वाळला की दगड, आणि एका बाजूला पाव किलो माती चिकटली की बॅलन्सिंगचं शिसं काय करणार. मी एकदा स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढली तर घमेलं निम्मं भरलं. धुवून घ्या आणि मगच बॅलन्सिंगला जा.

टायरला फुगा आलाय का, आतली तार सुटून एका जागी टेकाड आलंय का, हे चाक उचलून हाताने फिरवून बघा, समोर खडू स्थिर धरला की लगेच कळतं. गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायर खालून चपटा होतो, तो बऱ्याचदा दहावीस किलोमीटर चालल्यावर जातो. चाकाचे नट सगळे सारखे आवळलेत ना बघा.

बॅलन्सिंगवाले पुढचीच दोन चाकं करतात, मागची सांगितली तर "मालगाडीये, मागची कशाला" म्हणतात. सांगून चारही करून घ्या आणि समोर उभे राहा. शेवटी पुढची चाकं मागे, मागची पुढे टाकून बघा. थरथर सीटमधून उठून स्टेअरिंगमध्ये आली तर चाकच चोर. तसूभरही बदल नाही, तर चाकांचा नाद सोडा.

५. खाली शिरायच्या आधी

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही, घोड्या लावा, विटा नाही. पिट असलेलं गॅरेज जवळ असेल तर सरळ तिथे जा. आणि एक, व्हिडिओत बघून मागची चाकं अधांतरी ठेवून गाडी गिअरमध्ये ८० ला पळवायचे प्रकार घरी करू नका. गाडी घोडीवरून उतरली तर ती समोरच्याला घेऊन जाते. ते काम लिफ्टवाल्याचं.

६. शाफ्ट हाताने आणि डोळ्याने बघा

गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड, इंजिन बंद, आणि चावी तुमच्या खिशात. मी खाली होतो आणि पोराने वर आवाज येतोय का बघायला स्टार्टर मारला होता, म्हणून सांगतो.

शाफ्टवर काही गुंडाळलं गेलंय का बघा, सुतळी, गोणपाट, ताडपत्रीची दोरी, सगळं निघतं. मग शाफ्टच्या नळीला पोचा आहे का, कुठे दगड लागलाय का, कोणी जॅक शाफ्टला लावलाय का. नळीवर छोट्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, ती बॅलन्सची वजनं. एखाद्या जागी चौकोनी डाग आणि तुटक्या वेल्डचे दोन ठिपके दिसले पण पट्टी नाही, तर चोर सापडला.

नंतर क्रॉस. जॉईंटच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा, मग टॉमी घालून वरखाली उचका. थोडाही खुळखुळ चालत नाही. क्रॉसच्या चार टोकांवर कप असतात, त्यांच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली म्हंजे आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. ग्रीस निप्पल असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, एका कपातून आलं नाही तर तोच उद्या जाणार. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना "टक्" होत असेल तर तेही इथलंच लक्षण, पण हाऊसिंगमधल्या ढिलाईने पण तसंच होतं, त्यावर एकट्यावर विसंबू नका.

सेंटर बेअरिंगचं रबर हाताने उचलून बघा, थोडं लवचिक असतंच, पण चीर गेली असेल किंवा शाफ्ट रबरात खाली बसला असेल तर बदला. जाताजाता गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आणि पिनियनच्या फ्लॅन्जला (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) धरून हलवा, तिथे खेळ असेल तर नुसता शाफ्ट करून भागणार नाही.

७. बाणाच्या खुणा

हे नीट वाचा. बहुतेक दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगच्या मागे दात्यांचा सरकता जोड असतो. शाफ्ट पूर्ण जोडून मग कारखान्यात बॅलन्स केलेला असतो, आणि परत तसाच बसावा म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना बाण ठोकलेले असतात. क्लच प्लेट करायची म्हणजे शाफ्ट काढावा लागतो. मिस्त्री घाईत असतो, पोऱ्या शाफ्ट ओढून बाजूला ठेवतो, जोड सुटतो, आणि परत घालताना बसेल तसा घालतात.

एकदोन दाते चुकले तर मागच्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे (क्रॉस ज्यात बसतो ते दोन बोटांचे तुकडे) एका रेषेत राहत नाहीत. क्रॉसचं असं आहे की कोनात फिरताना पुढचा क्रॉस वेग कमीजास्त करतो आणि मागचा त्याच्या उलट करून तो सारखा करतो, पण काटे एका रेषेत असतील तरच. नाहीतर दोघं मिळून जास्तच झटके देतात. हे वाकून बघितलं तर डोळ्यानेही दिसतं.

माझ्या गाडीत काटे एका रेषेत होते. दोन मिस्त्रींनी वाकून बघितलं आणि "मालक, काटा बरोबर आहे" म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तिसऱ्याकडे, एका म्हाताऱ्या ट्रकच्या मिस्त्रीकडे गेलो, तो काही बोललाच नाही, डिझेलचं फडकं घेतलं आणि जोडावरचं ग्रीस आणि मातीचं पुट पुसत बसला. खाली एक बाण निघाला. शाफ्ट अर्धा फिरवला, पलीकडून दुसरा निघाला. एक आकाशाकडे, एक जमिनीकडे. शाफ्ट बरोब्बर अर्धा फेरा उलटा बसवला होता. असा बसला की काटे रेषेतच दिसतात, पण बॅलन्स गेलेला असतो, कारण एका बाजूचं जडपण जिथे दुसऱ्याने सावरायचं तिथे दोन्ही जडपणं एकाच अंगाला येतात. आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ४० ला जेवढा त्याच्या चौपट ८० ला, म्हणून गावात गाडी गपगुमान आणि हायवेवर बोंब.

मागचे चार बोल्ट काढले, शाफ्ट ओढला, अर्धा फिरवला, बाणासमोर बाण, परत बोल्ट. चहा यायच्या आत काम झालं. पैसे विचारले तर म्हणाला, "चहाचे द्या."

तर, कोणीही शाफ्ट काढायच्या आधी स्वतः उभं राहून पांढरा पेंट मारा, तीन ठिकाणी: सरकत्या जोडावर आरपार एक रेघ, पिनियनच्या फ्लॅन्जवर एक, गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक. फ्लॅन्ज चार बोल्टवर असल्याने तोही पाव किंवा अर्धा फिरून बसू शकतो आणि त्यानेही फरक पडतो. बाण आधीच चुकलेले असतील आणि फ्लॅन्जवर खूणच नसेल तर फ्लॅन्ज अर्धा फिरवून एकदा टेस्ट करा, कमी झाली तर ठेवा, वाढली तर परत.

८. पाटे वाढवलेत का?

हे आपल्याकडचं खास दुखणं. माल जास्त बसावा म्हणून मागे एकेक पाटा वाढवायचा, मग गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि शाफ्टचा उतार वाढतो. भरलेली असताना ठीक, वाशीहून रिकामी येताना गुणगुण.

कोन फोनच्या लेव्हलने मोजता येतो. सपाट जागा, गाडी चाकांवर उभी. पुढच्या शाफ्टचा उतार घ्या, मागच्या शाफ्टचा घ्या, पिनियनच्या फ्लॅन्जची सपाट बाजू घ्या. समजा ३, ५.५ आणि ३.५ अंश आले, सगळ्यांचा उतार मागेच. म्हणजे सेंटरचा क्रॉस २.५ वर आणि मागचा २ वर. दोघांत एक अंशाच्या आत फरक असेल तर चालतं, आणि प्रत्येकी ३ च्या आत असलेलं बरं. अगदी शून्य पण नको, क्रॉसच्या सुया फिरायला थोडा कोन लागतोच, नाहीतर त्या एकाच जागी खड्डे पाडतात. पाटा वाढवल्यावर मागचा शाफ्ट ८ वर गेला तर ५ आणि ४.५. फरक कमी आहे पण दोन्ही मोठे, मग गाडी वेग घेताना धडधड आणि क्रॉस लवकर जाणार. रिकामी आणि भरलेली असं दोनदा मोजा. उपाय म्हंजे जास्तीचा पाटा काढणे, किंवा हाऊसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून पिनियनचा कोन सुधारणे, पण पाचर जाणकाराकडूनच.

९. तरी नाही गेली तर

शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. ट्रकची कामं होतात त्या भागात चौकशी केली की मिळतात, लेथवाल्याला पण माहीत असतं. शाफ्ट अख्खा न्या, जोड न सोडवता, सेंटर बेअरिंगसकट, आणि खुणा मारून. आधी नळी वाकडी आहे का ते डायल गेज लावून दाखवायला सांगा, वाकड्या शाफ्टवर वजनं चिकटवून घेऊ नका.

बसवल्यावर टेस्ट त्याच रस्त्यावर, तेवढाच माल किंवा तशीच रिकामी, टायरची हवा तीच. माझी थरथर गेल्यावरही ८० ला बारीक हादरा उरला होता, तो डाव्या मागच्या चाकाचा निघाला, म्हंजे टायरवाला पण पूर्ण सुटला नाही, पण त्याला तसं सांगायला मी अजून गेलो नाही. शाफ्टचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर परत आवळून घ्या, आणि नायलॉनवाले नट असतील तर नवे टाका, जुने परत धरत नाहीत.

क्रॉस काढलेले दोन्ही चांगले निघाले माझे. कोणाला लागले तर पडलेत.